निवळीचा निकाल

तपासनीस सांगितल्या वेळेच्या वीस मिनिटं आधीच चीजच्या कारखान्याच्या दारात येऊन उभे राहिले आणि सगळ्यांची एकच धांदल उडाली. मोठे अब्बा डोक्यावर जाळीची टोपी उलटी चढवून पुढे धावले. दादाच्या हातातली फाइल निसटली आणि कागद ओल्या फरशीवर पसरले. अब्बा टॉवरच्या शिडीवर अर्ध्यात होते, ते वर जावं की खाली यावं हे न ठरवता तिथेच अडकून राहिले. एकटी आत्या हौदापाशी उभी राहून फाटून घट्ट झालेल्या दुधाचं कर्ड कापत होती. तिने मान वळवून पाहिलं, सुरीवरचा हात न थांबवता म्हणाली, "आले तर येऊ द्या. मी काय पळून चाललेय?"

दुर्बीण मात्र मनातल्या मनात नाचत होती. दुर्बीण म्हणजे अब्बांची मुलगी. लहानपणी हाताला लागेल ती वस्तू डोळ्यांना टेकवून बघायची, म्हणून आजोबांनी ठेवलेलं हे नाव. आता तिशी ओलांडली, कारखान्याची प्रयोगशाळा तिच्या ताब्यात आली, तरी नाव काही सुटलं नव्हतं. आजच्या दिवसाची तिने तीन वर्षं डोळ्यांत तेल घालून वाट पाहिली होती. चीज झालं की मागे उरतं ते हिरवट पिवळं पाणी, त्याला घरात निवळी म्हणत. आजोबांच्या काळापासून ती हौदाच्या तोटीतून थेट गटारात जायची. दुर्बिणीनेच हट्ट करून, रुसून, जेवण सोडून घरच्यांना टॉवर बसवायला लावला होता. त्या उंच टॉवरमध्ये निवळी वरून फवारली की खाली पांढरीशुभ्र पावडर पडायची. दादाने, म्हणजे मोठ्या अब्बांच्या मुलाने, त्या पावडरीला गिऱ्हाईकही शोधलं होतं. लहान मुलांचं खाणं करणारी मोठी कंपनी. त्यांची अट एकच होती, पावडर हलाल असल्याचा दाखला.

ही अट ऐकली तेव्हा मोठे अब्बा दोन दिवस धुमसत होते. "आपल्याला दाखला? तीन पिढ्या पाच वक्त नमाज पढणारं घर, आणि बाहेरच्या माणसाने येऊन सांगायचं, तुमचं हलाल आहे म्हणून?" शेवटी दादाने समजावलं आणि ते कबूल झाले. पण बोट वर करून पुतणीला बजावलं होतं, "एकदाच. आता जमलं नाही तर टॉवर बंद. मग तू तुझी नोकरी दुसरीकडे बघ. मी काय तुझ्या खेळण्याला रोज वाफ पुरवत बसू?"

तपासनीस बारीक अंगाचे, हळू बोलणारे गृहस्थ होते. आधी कुठल्याशा डेअरीत रसायनतज्ज्ञ होते म्हणे. त्यांनी पायांत प्लास्टिकचे मोजे चढवले आणि कामाला लागले. दूध कुठून येतं, किती तापवता? दुर्बिणीने नोंदवही पुढे केली. विरजण कुठलं? पाकीट दाखवलं. दूध फाडायला रेनेट कसलं? बुरशीपासूनचं, हा घ्या कागद. मीठ? रंग? टाक्या कशाने धुता? प्रत्येक प्रश्नाला उत्तर तयार होतं आणि प्रत्येक उत्तराला कागद. दादा मागून तिच्या दंडाला चिमटे काढत होता. "दुर्बिणे, तू तर परीक्षेत पहिली येणार!" तो कुजबुजला. तिचे कान तापले होते, आवाज जरा जास्तच उंच झाला होता, पण तिला तो खाली आणता येत नव्हता.

"झालंच की," असं म्हणत तपासनीस वळले, आणि त्यांची नजर साच्यांच्या फळीवर गेली. तिथे एक निळा पत्र्याचा डबा होता. झाकणावर पांढऱ्या रंगाचे तीन ठिपके.

"यात काय आहे?"

"चवपूड," आत्या म्हणाली. "चिमूटभरच लागते. हिच्याशिवाय आपल्या चीजला तो झणका येत नाही."

"लायपेज," दुर्बिणीने सांगितलं, आणि सांगता सांगताच तिने कागदांतून यादी ओढली. सामानाच्या यादीत तिने 'लायपेज' लिहिलं होतं. त्याच्यापुढचा 'कशापासून' हा रकाना मोठ्या अब्बांनी भरायचा होता. तो कोरा होता. सगळं तपासलं, तीन तीनदा तपासलं, आणि हा डबा मात्र तिने कधी उघडूनसुद्धा पाहिला नव्हता. डबा आजोबांचा होता. त्याची तपासणी करायची, हे तिच्या मनातच आलं नव्हतं.

"कशापासून काढलेलं?" तपासनिसांनी विचारलं. "पाकीट बघू."

पाकीट नव्हतं. या घराची रीतच तशी होती. बाहेरून आलेली कुठलीही वस्तू आत्या आधी आजोबांच्या डब्यांत ओतायची आणि पाकीट चुलीत घालायची. कुठल्या डब्यावर किती ठिपके हे घरातल्या सगळ्यांना तोंडपाठ होतं. आजोबांच्या वेळी ही पूड त्यांचा एक दोस्त आणून द्यायचा. तो स्वतः करडं कापायचा, त्याच्या हातावर आजोबांचा डोळे झाकून भरवसा होता. दोस्त गेला. त्याच्या मुलाने काही वर्षं काम चालवलं आणि बंद केलं. मग मोठ्या अब्बांनी फोनवरून दुसरा पुरवठादार गाठला. पूड तशीच पांढरी होती, वासही तोच, आणि डबाही तोच. मग आत काही बदललंय हे कुणाच्या ध्यानात येणार?

मोठ्या अब्बांनी तिथल्या तिथे फोन लावला, मोठ्या तोऱ्यात, स्पीकरवर. "हां, सांगा या साहेबांना, आपली पूड कशाची आहे ते."

"प्राण्याची आहे," पलीकडून आवाज आला. "करडू, वासरू, जे मिळेल त्याचं मिसळून येतं. कापल्याबिपल्याचे कागद आमच्याकडे नसतात, साहेब. ते तुम्ही कधी मागितलेच नाहीत."

मोठ्या अब्बांनी फोन बंद केला. त्यांचा चेहरा कुणी भर चौकात थोबाडीत मारल्यासारखा झाला होता.

तपासनिसांनी पेन खिशाला अडकवलं. "दुधाबद्दल प्रश्न नाही. रेनेटचा कागद आहे. पण ही पूड निघते कोवळ्या जनावराच्या जिभेच्या मुळाशी असलेल्या ग्रंथींतून. जनावर कोणतं, कापलं कुणी, कसं, हे ठाऊक नसेल तर मी हलाल म्हणू शकत नाही. हरामही म्हणणार नाही. संशयित म्हणेन. आणि संशयिताला दाखला मिळत नाही. पूड दुधात पडली की निवळीतही उतरली, म्हणजे पावडरीतही आली." त्यांनी घड्याळ पाहिलं. "मी बाहेर बसतो. तुम्ही बोलून घ्या."

ऑफिसात पाच माणसं आणि चारच खुर्च्या. आत्या उभीच राहिली.

"यात बोलायचं काय आहे?" मोठ्या अब्बांनी दार लोटून घेतलं. "आजपासून ही पूड बंद. उद्यापासून बुरशीची आणू, ती मिळते ना, दुर्बीण? मिळते. मग त्या रकान्यात बुरशीची म्हणून लिही आणि सही कर. पुढच्या मालाला ते खरंच असणार आहे."

"आणि जो माल भरून पडलाय तो?" दुर्बीण म्हणाली. "ती पोती कालच्या निवळीची आहेत, मोठे अब्बा."

"पोत्यांवर काय ठिपके आहेत का? कोण बघतंय?"

"ते बाहेर बसलेत ना, ते बघतायत. फोन त्यांच्यासमोरच झाला."

"फोनचा माणूस काहीही बरळतो! त्याला चुकीचं ठाऊक होतं म्हणू. दादा, तू सांग हिला."

दादाने कानाची पाळी चोळली. सकाळपासून उड्या मारणारा माणूस एकदम निम्मा झाला होता. "अब्बा, ते लहान मुलांचं खाणं आहे," तो हळूच म्हणाला. "त्यांच्या आयांना आपण काय सांगणार?"

"झालं! तूही तिच्याच बाजूने!" मोठ्या अब्बांनी धाकट्या भावाकडे मोर्चा वळवला. "तू तरी बोल. तुझीच मुलगी आहे. टॉवर तूच चालवतोस."

अब्बा कधीच भावाच्या शब्दाबाहेर जात नसत. दुर्बिणीने हे आयुष्यभर पाहिलं होतं आणि आयुष्यभर ते तिला सलत आलं होतं. आताही ते बराच वेळ टेबलावरच्या काचेकडे बघत बसले. मग म्हणाले, "भाई, टॉवर बंद करू. मी स्वतः त्याचा पंखा थांबवतो. पण पोरीला खोटी सही करायला लावू नका."

दुर्बिणीला रडू फुटायच्या बेतात होतं, आणि त्याच वेळी छाती भरून आली होती. तीन वर्षांची मेहनत पाण्यात चालली होती, आणि तिला अब्बांच्या गळ्यात पडावंसं वाटत होतं.

"थांबा," आत्या म्हणाली.

इतका वेळ ती खिडकीपाशी पाठमोरी उभी होती. वळली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते. "मी शेवटच्या दिवसांत बाबांना, या पोरांच्या आजोबांना, माझ्या हाताने चीजचा तुकडा भरवत होते. दुसरं काही गिळवतच नव्हतं त्यांना. ती पूड तेव्हा कुठली होती? जुनी की ही?"

मोठे अब्बा मनात वर्षं मोजत होते, हे त्यांच्या हलणाऱ्या बोटांवरून कळत होतं. मोजून झाल्यावर त्यांनी मान खाली घातली.

"ते माझं मी बघेन," आत्या म्हणाली. "ते माझ्यात आणि अल्लामध्ये. पण तुम्ही सगळे निवळी निवळी काय करताय? निवळीत पूड येतेच कुठून?"

"म्हणजे?" दुर्बीण ताडकन उठली.

"म्हणजे काय म्हणजे. मी पूड हौदात घालतच नाही."

"भिंतीवर कागद लावलाय!" मोठे अब्बा ओरडले. "पाच नंबर! दुधात विरजण घातल्यावर लगेच चवपूड घालणे! मी स्वतः लिहिलाय, काचेत मढवलाय!"

"तुम्ही लिहिलाय ना? मग तुम्हीच घाला." आत्याने कमरेवर हात ठेवले. तीस वर्षांचं साठलेलं एकदम बाहेर आलं. "तुम्ही पुस्तकातून शिकून आलात, आणि आल्या आल्या सांगायला लागलात, पूड दुधात घाल. मी दोनदा घातली. निम्मी चव पाण्याबरोबर गटारात! तेव्हापासून मी निवळी पुरती काढून टाकते, तोटी बंद करते, कर्ड दाबून घेते, आणि मग मिठाबरोबर पूड चोळते. बाबा तसंच करायचे. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही बैठक बोलावली असती."

दादा फसकन हसला आणि हाताने तोंड दाबून धरलं.

"तीस वर्षं!" मोठे अब्बा म्हणाले. "तीस वर्षं तू माझ्या नाकावर टिच्चून..."

"आत्या, आत्या, थांब." दुर्बिणीने तिचे दोन्ही दंड धरले होते, ते तिला स्वतःलाच कळलं नव्हतं. "मीठ घातल्यावर साच्यातून जे पाणी गळतं, ते?"

"ते खारट. ते तू मला टॉवरला देऊच देत नाहीस. पंखे गंजतात म्हणून तूच भांडली होतीस. ते गटारात जातं."

दुर्बीण धावली. ऑफिस, गल्ली, साच्यांची खोली, मधे कुणाची तरी बादली लाथेने उडवली, आणि बाहेरच्या बाकावर बसलेल्या तपासनिसांसमोर धापा टाकत उभी राहिली. सगळं एका दमात सांगितलं. भिंतीवरचा कागद खोटा आहे, आत्या खरी आहे, निवळी साफ आहे.

तपासनिसांनी शांतपणे ऐकून घेतलं. "तुमच्या आत्याबाई खरं बोलत असतील. पण कागद एक म्हणतो, माणूस दुसरं म्हणतो, आणि हे सुचलं कधी, तर अडचण आल्यावर. मी शब्दावर कसा जाऊ?"

"शब्दावर जाऊ नका," दुर्बीण म्हणाली. "माझ्याकडे प्रत्येक दिवसाच्या निवळीची बाटली आहे. फ्रीजरमध्ये. तुम्ही हाताने उचला, कुठलीही."

त्यांचे डोळे पहिल्यांदाच चमकले. जुना रसायनतज्ज्ञ जागा झाला असावा.

मग जे झालं ते सगळा कारखाना लक्षात ठेवणार होता. चवपूड म्हणजे सायीतली चरबी फोडणारी वस्तू, आणि चरबी फुटली की आंबटपणा वाढतो. आंबटपणा मोजता येतो. तपासनिसांनी स्वतः आत्याच्या हौदाची बाटली उचलली, पावडरीची शेवटची पोती भरली त्या दिवसाची. दुसरी बाटली साध्या चीजच्या हौदातली, तिथे पूड कधीच नसते. त्यांनी तीन चंबू मागवले. तिन्हींत सारखी साय घातली. एकात साध्या हौदाची निवळी, एकात आत्याच्या हौदाची, आणि तिसऱ्यात आत्याच्याच हौदाची निवळी घालून वर मुद्दाम डब्यातली चिमूटभर पूड. मग सगळ्यांना बाहेर काढून चंबूंची जागा बदलली आणि बुडाला खुणा केल्या. त्या एकट्या त्यांनाच माहीत. तिन्ही चंबू कोमट पाण्यात दोन तास बसवले.

ते दोन तास तपासनीस आत्याच्या हौदापाशी उभे राहिले आणि तिचं काम बघत राहिले. आत्याने निवळी काढली, तोटी बंद केली, कर्ड दाबलं, आणि सवयीने डब्याकडे हात नेला. हात अधांतरी थांबला. मग तिने फक्त मीठ घेतलं. तपासनिसांनी वहीत काहीतरी लिहिलं. मोठे अब्बा दाराच्या चौकटीला टेकून हे सगळं बघत होते. एवढ्या वर्षांत ते पहिल्यांदाच बहिणीला काम करताना असं नीट बघत होते.

प्रयोगशाळा दोन माणसांपुरती, तिथे आता सहाजण कोंबले गेले. तपासनिसांनी पहिल्या चंबूत गुलाबी करणाऱ्या औषधाचे दोन थेंब टाकले आणि काचेच्या नळीतून आंबटपणा मारणारं क्षाराचं पाणी थेंबाथेंबाने सोडायला सुरुवात केली. जितका आंबटपणा जास्त, तितके थेंब जास्त लागणार आणि मग चंबू गुलाबी होणार.

"मोठ्याने मोजा," ते म्हणाले.

दादा मोजू लागला. दहा. वीस. तीस. चंबू पांढराच. चाळीस. सेहेचाळीसला पहिली गुलाबी रेघ उमटली, सत्तेचाळीसला पूर्ण रंग धरला.

"हा पुडीचा असणार," दादा म्हणाला.

"किंवा पूड दोन चंबूंत असेल," तपासनीस म्हणाले. "पुढचा."

दुसरा चंबू. दादाचा आवाज चिरका झाला होता. वीस, एकवीस, बावीस, आणि गुलाबी. दुर्बिणीने श्वास सोडला आणि लगेच परत आत घेतला, कारण हा साध्या हौदाचा असेल तर काहीच सिद्ध झालं नव्हतं. सगळं आता तिसऱ्यावर होतं. तो सत्तेचाळीसकडे गेला तर आत्या खोटी, टॉवर बंद, आणि तिची या घरातली जागा पुन्हा चहा देणाऱ्या मुलीची. तो बावीसपाशी थांबला तर...

"एक, दोन," दादाने सुरू केलं. पाचपासून अब्बाही मोजायला लागले. दहापासून आत्या. पंधरा. अठरा. मोठ्या अब्बांचे नुसते ओठ हलत होते. एकोणीस. वीस. पांढराच. एकवीस. दुर्बिणीने आत्याचा हात इतका घट्ट दाबला की आत्या "अगं" म्हणाली. बावीस. तपासनिसांनी चंबू गोल हलवला. कडेने एक पुसट रंग फिरला आणि विरघळला.

"तेवीस," मोठ्या अब्बांचा आवाज सगळ्यांच्या वर गेला.

चंबू गुलाबी झाला आणि गुलाबीच राहिला.

मग दादाने अशी आरोळी ठोकली की फळीवरच्या बाटल्या थरथरल्या. अब्बांनी लेकीला उचलायचा प्रयत्न केला, कमरेत लचक भरली, तरी हसत राहिले. तपासनिसांनी चंबूंची बुडं फिरवून खुणा दाखवल्या, सत्तेचाळीस पुडीचा, तेवीस आत्याचा, बावीस साध्या हौदाचा. "पावडरीसाठी मी होकार लिहितो," ते म्हणाले. "भिंतीवरचा कागद आजच बदला आणि पुडीचा डबा कारखान्याबाहेर जाऊ द्या. बाई, तुमच्या हट्टामुळे यांचा टॉवर वाचला बरं का."

मोठे अब्बा बाहेर गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात मढवलेला कागद होता. काच त्यांनी बाजूला ठेवली, कागद उलटा केला, टेबलावर पसरला आणि पेन उघडलं. "सांग," ते बहिणीला म्हणाले. "निवळी काढल्यावर किती वेळ दाबतेस?"

आत्याने त्यांच्याकडे पाहिलं. सगळे हसत असताना तिच्याच डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"चीजचं काय?" तिने तपासनिसांना विचारलं. "पावडरीचं झालं. मी केलेल्या चीजचं काय? जे गोदामात आहे, आणि जे लोकांनी खाल्लं, बाबांनी खाल्लं?"

त्यांनी वही मिटली. "गोदामातलं बाजूला ठेवा. ते मी हलाल लिहिणार नाही. जे झालं ते नकळत झालं, बाई. त्याचा हिशेब माझ्या वहीत नाही, आणि तुमच्याही नसावा. पण आता ठाऊक झालं आहे."

आत्याने पदराने तोंड पुसलं आणि ती हौदाच्या खोलीकडे निघाली. दुर्बीण तिच्यामागे गेली, तिच्यामागे दादा, आणि पेन हातात तसंच धरून मोठे अब्बाही.

मघाचं कर्ड साच्यांत भरायचं राहिलं होतं. आत्याने बाह्या सरसावल्या, बिस्मिल्ला म्हटलं आणि दोन्ही हातांनी ते उचलायला सुरुवात केली. एकेक साचा भरला, दाबला, कडा नीट केल्या. शेवटच्या साच्यातून तिने बोटभर तुकडा मोडला, जिभेवर ठेवला आणि डोळे मिटून चघळला. सगळे तिच्या तोंडाकडे बघत उभे होते.

मग तिने आणखी एक तुकडा मोडला आणि हात लांब करून थोरल्या भावासमोर धरला.

"तीन महिन्यांनी फिकं लागेल हे," ती म्हणाली. "पण बिनघोर खा."